पहिली-दुसरीचा परिपाठ : माईक बाजूला ठेवा, गोल करून बसा



रोज रात्री जेवणं आटोपली की आपल्या मोबाईलवर 'उद्याचा परिपाठ' येऊन पडतो. सुविचार, दिनविशेष, म्हण, बोधकथा, पाच सामान्यज्ञानाचे प्रश्न, सगळं तयार. मीही तो वाचते आणि पुढच्या ग्रुपवर ढकलते. त्यामुळे आज जे लिहिते आहे ते कुणाला नावं ठेवायला नाही. नावं ठेवायचीच तर सुरुवात माझ्यापासून करावी लागेल.

माझं म्हणणं सरळ आहे. मैदानावरचा शाळेचा परिपाठ राहू द्या. पण पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तेवढा पुरेसा नाही. या मुलांना वर्गात आल्यावर आणखी पंधरा मिनिटं हवीत, ज्यात प्रत्येक मूल रोज स्वतःचं काहीतरी बोलेल आणि कुणीतरी ते ऐकेल. ही पंधरा मिनिटं वाया जात नाहीत. आपल्या दिवसाचा पहिला तास तिथेच सुरू होतो.

परिपाठात बोलतं कोण?

गेल्या वर्षी मी एक आठवडा वहीत खुणा केल्या. वर्गात मुलं ३६. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना सगळे मिळून म्हणतात, ते मोजलं नाही. एकट्याने बोलायची संधी किती जणांना मिळाली, एवढंच मोजलं. आठवडाभरात चार मुलं माईकपर्यंत गेली. चौघंही तीच, दर वेळची. आवाज मोठा, पाठांतर चांगलं, घरून तयारी करून घेतलेली. उरलेली ३२ मुलं रांगेत उभी होती. कुणी पुढच्याच्या दप्तराची चेन उघडतंय, कुणी मातीत बुटाने रेघा ओढतंय. आपण मधूनमधून 'शू... शांत!' म्हणतो आणि परिपाठ छान झाला असं समजतो.

एक उदाहरण देते. १६ एप्रिलचा दिनविशेष आपल्या सगळ्यांना पाठ आहे : १८५३ साली भारतातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. त्या दिवशी एका हुशार मुलीने तो माईकवरून खणखणीत वाचला. दुसरीतल्या एकाही मुलाच्या चेहऱ्यावर रेषा हलली नाही. मग वर्गात आल्यावर मी तेच वाक्य वेगळ्या तऱ्हेने सांगितलं. "ती गाडी बोरीबंदरहून निघाली आणि कुठे आली माहितेय? आपल्या ठाण्याला! तिला १४ डबे होते. तुमच्या घरातून कोण कोण लोकलने जातं?"

झालं, वर्ग उसळला. "माझे पप्पा कुर्ल्याला जातात." "आई विक्रोळीला उतरते." "आमचा मामा दरवाजात लटकतो." एका मुलाने बोटं मोजून सांगितलं, "बाई, आपल्या लोकलला बारा डबे. त्या गाडीला दोन जास्त!" मी काही शिकवायच्या आधी वजाबाकी झाली होती. माहिती तीच होती, तारीखही तीच. फक्त मुलं रांगेत उभी नव्हती, समोरासमोर बसली होती, आणि विषय त्यांच्या घरापर्यंत पोचला होता.

आपल्याकडच्या सकाळी

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असं सांगितलं. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण ठाणे, डोंबिवली, कल्याणकडची घरं डोळ्यांसमोर आणा. नऊ वाजता मूल शाळेच्या फाटकात असतं, तेव्हा त्याचे आई-बाबा कुठे असतात? बरेचसे गाडीत, किंवा कामाच्या ठिकाणी पोचलेले. काही मुलं उठतात तेव्हा घरातलं एक माणूस निघून गेलेलं असतं. शेजारच्या काकू वेणी घालतात, रिक्षावाले काका आणून सोडतात. 'चल, आवर, उशीर झाला' यापलीकडे त्या मुलाशी सकाळपासून कुणी बोललेलं नसतं.

म्हणजे अनेक मुलांसाठी सकाळी निवांत बोलणारं पहिलं मोठं माणूस आपण असतो. आणि आपलं पहिलं वाक्य काय? "रांगेत उभे राहा."

माझी चूक

हे सगळं मला एका मुलाने शिकवलं. तेही माझ्या चुकीतून. दुसरीतला, कल्याणजवळच्या गावातला, आगरी घरातला मुलगा. जूनमध्ये भरपूर बोलायचा. एके दिवशी उभा राहून सांगायला लागला, "बाई, काल बाबानी म्हावरा आनला..."

मी मध्येच थांबवलं. "आनला नाही, आणला म्हणायचं. आणि म्हावरा नाही, मासे म्हण."

वर्ग हसला. तो बसला. बातमी राहूनच गेली. कुठला मासा, किती मोठा, कुठून आणला, काहीच कळलं नाही.

मला तेव्हा काही वाटलंसुद्धा नाही. प्रमाण भाषा शिकवणं माझं कामच आहे, असं वाटलं. पुढचे कितीतरी आठवडे तो हजेरीला 'हजर' म्हणायचा, आणि तेवढंच. विचारलं की खाली बघायचा. ऑगस्टच्या पालकसभेत त्याची आई म्हणाली, "बाई, घरी तं तोंड बंद होत नाय त्याचं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोंड घरी बंद नव्हतं, ते माझ्या वर्गात मी बंद केलं होतं.

मैदानावरच्या परिपाठात हे मला कधीच कळलं नसतं. तिथे तो मुलगा व्यवस्थित रांगेत उभा होता आणि प्रतिज्ञाही म्हणत होता.

वर्गातली पंधरा मिनिटं : मी काय करते

त्यानंतर मी वर्गात रोज गोल बैठक सुरू केली. पद्धत अशी :

१. दारात भेट. मी दाराशी उभी राहते. प्रत्येक मुलाला नावाने हाक मारते. नमस्कार, टाळी की नुसता हात हलवायचा, हे मुलाने ठरवायचं. नको असेल तर नुसतं बघून आत गेलं तरी चालतं. कोण रडून आलंय, कुणाला ताप आहे, कोण उपाशी आहे, हे या दोन मिनिटांत कळतं.

२. बोलकी हजेरी. मुलं गोल करून सतरंजीवर बसतात. 'हजर बाई'ऐवजी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, दोन-तीन शब्दांत. "आज सकाळी पहिला आवाज कसला ऐकलात?" कुकरची शिट्टी, गाडीचा भोंगा, कोंबडा, आजीचा खोकला, नळाला आलेलं पाणी. हजेरीही होते आणि ३६ च्या ३६ मुलं एकदा तरी बोलतात. हजेरीला तशीही पाच-सहा मिनिटं जातातच.

३. तिघांची बातमी. रोज तीन मुलांची पाळी. नावांचा तक्ता भिंतीवर लावलेला आहे, त्यामुळे बारा दिवसांत सगळ्यांची पाळी येते आणि 'बाई, मला, मला' होत नाही. बातमी घरची, गल्लीची, कशीही चालते. मांजरीला पिल्लं झाली. सोसायटीची लिफ्ट बंद पडली. दात पडला. ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी एकेक प्रश्न विचारायचा.

४. फळ्यावरची बातमी. तिघांपैकी एकाची बातमी मी फळ्यावर लिहिते. मूल जसं बोललं तशीच. मग सगळे मिळून बोट फिरवत वाचतो. पुस्तकातला धडा वाचताना अडणारी मुलं हे वाक्य वाचतात, कारण काय लिहिलंय ते त्यांना आधीच माहीत असतं. मग अक्षरं ओळखायला लावायची. 'म' कुठे दिसतो? 'पिल्लं'मधलं जोडाक्षर कोणतं?

५. वार, तारीख, आभाळ. पावसाळ्यात आम्ही तक्त्यावर रोज एक खूण करतो : ऊन, ढग किंवा पाऊस. महिनाअखेरीला मोजतो. जुलैत पावसाच्या खुणा किती, उन्हाच्या किती, किती जास्त? हाच आमचा पहिला आलेख.

६. आजचा बेत. आज काय काय करणार, हे चार चित्रांत. लहान मुलाला पुढे काय होणार हे कळलं की ते शांत बसतं. 'बाई, सुट्टी कधी?' हा प्रश्नही कमी येतो.

चार नियम, मुलांसाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त

पहिला : बोलताना भाषा सुधारायची नाही. मुलाचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं. प्रमाण शब्द नंतर द्यायचा, आणि तोही मुलाच्या शब्दाला खोडून न टाकता, त्याच्या शेजारी. आमच्या वर्गात आता एका कागदावर दोन रकाने आहेत : 'घरचा शब्द' आणि 'पुस्तकातला शब्द'. घरच्या शब्दांत आगरी आहे, मालवणी आहे, अहिराणी आहे, हिंदी-भोजपुरी आहे. आपल्या भागात एका वर्गात हे सगळं सापडतं. अनेक शाळांना हवेसे वाटतील असे शब्द आपल्याकडे मुलं फुकट घेऊन येतात.

दुसरा : ज्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक मूल देऊ शकेल तोच विचारायचा. 'सुट्टीत कुठे गेला होतात?', 'वाढदिवसाला काय मिळालं?', 'बाबा काय करतात?' हे प्रश्न मी बंद केले. कुणाचे बाबा नसतात, कुणाकडे वाढदिवस होत नाही. त्याऐवजी 'तुम्हाला आवडणारा एक वास सांगा' विचारा. वास सगळ्यांकडे असतात.

तिसरा : 'उद्या सांगतो' म्हणायचा हक्क. गप्प बसायची मुभा असलेलं मूल लवकर बोलतं, असा माझा अनुभव आहे.

चौथा : कधीकधी गोलात एखादं मूल घरातली मारहाण किंवा भीतीची गोष्ट सांगून जातं. तिथे सगळ्यांसमोर खोदून विचारायचं नाही आणि विषय हसण्यावारीही न्यायचा नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, आपण नंतर बोलू" एवढं म्हणायचं आणि खरंच नंतर बोलायचं. मुख्याध्यापकांना सांगायचं. गरज असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे, तो क्रमांक प्रत्येक शिक्षकाला पाठ हवा.

"अहो, पण वेळ कुठून आणायचा?"

हा प्रश्न मला स्टाफरूममध्येही विचारला गेला. हिशेब प्रामाणिकपणे करू. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत. रोज १५ मिनिटं धरली तर वर्षाचे ५० तास होतात, म्हणजे सोळावा हिस्सा. हा वेळ थोडा नाही. नुसत्या टाळ्या आणि गाण्यांत तो घालवला तर पालकांनी जाब विचारावा, असं मीच म्हणेन.

पण या वेळात काय होतं ते पाहा. बोलणं, ऐकणं, प्रश्न विचारणं, फळ्यावरचं वाचणं, मोजणं, तुलना करणं. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं, तेव्हापासून आपण पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे तक्ते भरतो आहोत. त्यात मौखिक भाषा विकास हा घटक आहे. त्याच्यासाठी वेगळा तास आपण कधी घेतो? तो तास हाच. शिवाय ही सगळी नोंद मला तोंडी परीक्षा न घेता मिळते.

दुसरी अडचण पटसंख्येची. कायद्याने ३० मुलांमागे एक शिक्षक, प्रत्यक्षात काय ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलं जास्त असतील तर दोन गोल करा, एक आतला आणि एक बाहेरचा. बोलकी हजेरी बाहेरच्या गोलातल्या मुलांनी जोडीदाराला सांगायची, आतल्यांनी सगळ्यांना, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. बाकं हलत नसतील तर बाकावर बसूनच मागे वळा. दोन वर्ग एकत्र असतील तर मोठ्या मुलाला फळ्यावर बातमी लिहू द्या. आणि सगळं जमत नसेल तर फक्त बोलकी हजेरी करा. त्याला एक मिनिटही जास्त लागत नाही.

सुरुवातीला गोंधळ होणार, हे धरून चाला. माझा पहिला आठवडा बाजारासारखा होता. शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून गेल्या. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' आपण डीएडला वाचलं आहे. त्यातल्या शिक्षकाचाही पहिल्या दिवसाचा शांततेचा खेळ साफ फसतो. मग तो गोष्ट सांगायला लागतो आणि मुलं जवळ येतात. पहिल्या फसलेल्या दिवसाला घाबरून त्याने सोडून दिलं असतं, तर पुस्तक तिथेच संपलं असतं.

हे बाहेरून आलेलं नाही

'मॉर्निंग मीटिंग' वगैरे इंग्रजी शाळांची फॅशन आहे, असं कुणी म्हणालं तर त्यांना कोसबादची आठवण करून द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मुलाने शाळेसारखं व्हायची वाट न बघता शाळेने चार पावलं मुलाकडे टाकायची, ही शिकवण आपल्याच जिल्ह्यातली आहे. आपल्याला तर टेकडी चढायची नाही. वर्गात सतरंजी टाकून खाली बसायचं आहे, एवढंच.

पालकांसाठी थोडं

मुलाला माईकवर बोलण्यासाठी सुविचार पाठ करून देऊ नका. रात्री झोपताना विचारा, "उद्या गोलात काय सांगणार?" तो जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. सकाळी मूल उठायच्या आत निघावं लागत असेल तर डब्याखाली एक चिठ्ठी ठेवा, चित्र काढलेली असली तरी चालेल. एका आईने कागदावर फक्त गाडी आणि हसरा चेहरा काढला होता. तिची मुलगी ती चिठ्ठी तीन दिवस गोलात दाखवत होती. आणि घरची बोली बोलल्याबद्दल मुलाला कधी टोकू नका. ते काम आम्ही शिक्षक नको इतकं करून ठेवतो.

तो मुलगा

तो लगेच बोलला नाही. ऑगस्ट गेला, गणपतीची सुट्टी झाली, दिवाळीही झाली. रोज त्याची पाळी आली की "उद्या" म्हणायचा आणि मी "बरं" म्हणायचे. डिसेंबरमध्ये एका सकाळी हजेरीचा प्रश्न होता, आवडणारा वास. कुणी अत्तर म्हणालं, कुणी पहिला पाऊस, कुणी नवी वही. त्याची पाळी आली. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तव्यावरच्या म्हावऱ्याचा."

या वेळी कुणी हसलं नाही. शेजारच्या मुलीने विचारलं, "म्हावरा म्हणजे?" आणि तो सुरू झाला. बोंबील कसा मऊ असतो, मांदेली किती बारीक, कुठल्याचा काटा घशात अडकतो, त्याची आजी कसा साफ करते. मी त्याचं वाक्य फळ्यावर लिहिलं, जसं बोलला तसं. वर्गाने ते वाचलं. खाली बसताना तो म्हणाला, "बाई, पुस्तकात मासे म्हणतात ना?"

प्रमाण शब्द त्याला येत होताच. मी जूनमध्ये उगाच घाई केली होती.

सोमवारपासून पंधरा दिवस फक्त बोलकी हजेरी करून बघा. वहीच्या मागच्या पानावर मुलांची नावं लिहा आणि जो स्वतःहून बोलेल त्याच्यापुढे खूण करा. पंधराव्या दिवशी ज्यांच्यापुढे एकही खूण नसेल ती नावं नीट वाचा. आपलं खरं काम तिथून सुरू होतं.